मी शेजारीण म्हणून सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या पोरीजवळ नाही. म्हसवडला सिद्धनाथाच्या पायरीवर डोकं टेकते तेव्हासुद्धा घाईघाईनं दुसरंच काहीतरी पुटपुटते — पाऊस पडू दे, लेक सुखात राहू दे — आणि उठते. देवानं काही विचारायच्या आत उठते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. एका दमात सांगता येईल असं वाटत नाही. मी जरा आडवाटेनं येईन, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आण्णा. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर. साताऱ्याला ओतकामाच्या कारखान्यात होते. माझी थोरली जाऊ — तिला मी अक्का म्हणते — आणि त्यांची एकुलती एक पोरगी ऋतुजा, अशी तिघं तिकडंच भाड्याच्या खोलीत राहायची. आम्ही गावाकडं, विट्याच्या पूर्वेला. माझा नवरा गलाईवाला. म्हणजे सोनं गाळायचं दुकान, तेही पार कोइमतूरला. दिवाळीला आणि जत्रेला घरी यायचा, बाकी वर्षभर फोनवरचा आवाज. त्यामुळे घर, म्हशी, मळा, सगळं माझ्याकडं. आणि माझी सोनाली. ऋतुजाच्याच वयाची.

एक दिवस कारखान्यात विजेच्या पॅनेलमध्ये भडका झाला. आण्णा समोरच उभे होते. भुवया जळाल्या, गालावर एक डाग पडला. डोळे मात्र गेले. निदान सगळे तसं म्हणाले. त्यांना ओढून बाहेर काढलं ते बिरूभाऊंनी. बिरूभाऊ आमच्याच गावचे, वरच्या वाडीतले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आण्णांनीच त्यांना त्या कारखान्यात लावलं होतं. साताऱ्यात दोघं एका डब्यात जेवायचे.

सहा महिने दवाखाने झाले आणि आण्णा, अक्का, ऋतुजा गावच्या घरी आले. भेटायला अख्खी भावकी लोटली. मला अजून आठवतंय — आण्णा सोप्यात कॉटवर बसले होते आणि लोक वाकून वाकून त्यांचे डोळे बघत होते. डोळे तर चांगले स्वच्छ, काळेभोर. पांढरं पडलेलं नाही, मिटलेलं नाही. बायका माजघरात येऊन कुजबुजल्या, "डोळ्याला तर काईच झाल्यालं दिसत न्हाई की गं!"

संशयाचं बी तिथंच पडलं. दुसऱ्याच्या तोंडातलं होतं, पण माझ्या मनात रुजलं.

कारण आण्णांचं वागणंच चमत्कारिक होतं. अंगणातल्या लिंबाची फांदी आली की ते वाकायचे. वाटेत कुत्रं आडवं पडलेलं असलं तर वळसा घालून जायचे. पण मी समोर उभी राहिले की म्हणायचे, "कोन? सुमन का?" आता सांगा — ज्याला कुत्रं दिसतं त्याला माणूस दिसत नाही? आणि बघायचे ते तिरके. मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या कोपऱ्यातनं. चोर बघतो तसं. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

सांगू का — मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले.

वाटेत मुद्दाम कळशी ठेवायची आणि दाराआडनं बघायचं. आण्णा कळशीला बगल देऊन जायचे. मग पाट ठेवला. त्यालाही बगल. एकदा तर दोरीवर वाळत घातलेलं लुगडं त्यांच्या वाटेत खाली ओढून ठेवलं. ते थांबले, हातानं बाजूला केलं आणि गेले. एकदा — हे सांगायलाही कसंतरी होतंय — ते कॉटवर बसलेले असताना मी आवाज न करता समोर जाऊन उभी राहिले आणि वेडंवाकडं तोंड केलं. जीभ काढली. चाळीशी ओलांडलेली बाई मी! आण्णा सरळ माझ्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. मग जरा वेळानं म्हणाले, "कोन हाय?"

मी काय समजले असेन? समजले की माणूस लय पोचलेला आहे. सोंग अंगात भिनलंय.

सोंग कशासाठी, तेही मी ठरवून टाकलं होतं. अपंग झालेला कामगार म्हणून आण्णांना सरकारी विम्यातनं दरमहा पैसे सुरू झाले होते. अक्काला आणि ऋतुजाला दवाखाना फुकट. आणि अशा कामगाराची मुलगी म्हणून ऋतुजाच्या पुढच्या शिक्षणाला सरकारची मदत. बिरूभाऊ स्वतःची हजेरी बुडवून साताऱ्याहून यायचे, आण्णांना मोटारसायकलवर बसवून सांगलीच्या ऑफिसात न्यायचे, आणायचे. त्यांच्याच खटपटीनं ते सगळं मार्गी लागलं.

आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या सोनालीनं बारावीचा निकाल हातात घेऊन मला विचारलं, "आई, मी नर्सिंगला जाऊ?"

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पोरीला शिकवून कुठं पाठवतीस? गलाईवाल्यातलंच स्थळ आलंय, पोरगं चांगलं हाय." मी रडले, भांडले, दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही. मग उचलला. दिवाळीनंतर सोनालीचं लग्न झालं. विट्यातच दिली. आणि ऋतुजा सांगलीला नर्सिंग कॉलेजात गेली.

ज्या पोरीचा बाप हिंडता-फिरता, कमावता, तिच्या वाट्याला चूल. ज्या पोरीचा बाप आंधळा, तिच्या वाट्याला कॉलेज. हा कुठला न्याय? असं मी भाकरी थापताना स्वतःशी बोलायचे. अक्का आण्णांच्या उशाशी बसलेली असायची — त्यांना ताटातलं दाखवायची, गोळ्या द्यायची, पेपर वाचून दाखवायची. मळ्यात यायची नाही. मी भर उन्हात गवताचा भारा घेऊन दारात यायचे आणि ही दोघं आतमध्ये हसत असायची. काय हसताय एवढं? मला वाटायचं, मलाच हसताहेत. आम्हा सगळ्यांना कसं बनवलं, म्हणून हसताहेत.

संशयाचं एक असतं बघा. तो आला की घरातल्या प्रत्येक वस्तूला दोन अर्थ यायला लागतात. अक्कानं कपाटाला कुलूप लावलं, का लावलं? ऋतुजा फोनवर बोलता बोलता मी जवळ गेल्यावर थांबली, का थांबली? आण्णा पहाटे एकटे ओढ्याकडं जाऊन आले, एकटे कसे गेले? मी झोपेतसुद्धा कान टवकारून असायचे.

पुढच्या वर्षी एका सकाळी मळ्यात रेडकू सुटलं. आण्णा बांधावर बसले होते, अक्का विहिरीवर. रेडकू उधळत वैरणीच्या कडवळातनं निघालं आणि आण्णा उठले, दोन ढांगांत त्याला आडवे गेले आणि पळत्या रेडकाचं दावं वरच्यावर धरलं. मी पलीकडच्या वाफ्यात होते. त्याच्या आधी ते वाट चाचपत बांधावर येत होते, तेव्हाच मी मोबाईल बाहेर काढला होता. रोज काढायचे. त्या दिवशी सापडलं. दावं धरलेलं, रेडकाला ओढत आणलेलं, सगळं आलं.

तो व्हिडिओ मी घरी जाऊन कितीदा बघितला! मोरीत जाऊन, कडी लावून बघायचे. असं वाटायचं की मी एकटीच शहाणी, आणि आता हे माझ्याकडं आहे.

आणि मग मी सांगलीला गेले. सोनालीकडं जाते असं अक्काला सांगितलं, विट्याला उतरले आणि स्टँडवरच सांगलीच्या गाडीत बसले. पदर डोक्यावरनं घेतला होता. तासगाव गेलं तरी तो खाली घेतला नाही. ऑफिसात एका साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिले, आण्णांचं नाव सांगितलं आणि मोबाईल पुढं केला. त्यांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घेतला.

"तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण," मी म्हणाले.

"नाव?"

"नाव नको साहेब. गावात राहायचं हाय."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, चौकशी करावी लागेल. बस. एवढंच. एवढं सोपं असतं ते. बाहेर येऊन मी रसवंतीवर बसले आणि ग्लासभर उसाचा रस प्याले. तहान लागली होती, पापपुण्य कशाचंच भान नव्हतं.

इथवर सांगितलेलं ऐकून तुम्ही म्हणाल — बाई अडाणी होती, तिला आजार कळला नाही, रागाच्या भरात चुकली. मीही तसं म्हणू शकले असते. पण अजून एक राहिलंय, आणि त्याच्याभोवतीच मी मघापासून फिरतेय.

सांगलीला जायच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. ऋतुजानं कॉलेजच्या पांढऱ्या गणवेशातला फोटो पाठवला होता. अक्कानं तो विट्यातनं मोठा काढून आणला होता. दुपारी अक्का दळण घेऊन गेली. मी गोठ्यात होते, आण्णांना वाटलं घरात कुणी नाही. मी मागच्या परड्याच्या दारातनं आत आले आणि थबकले. आण्णा उजेडाला बसून फोटो हातात धरून होते. समोर धरला, मग डाव्या कानाच्या बाजूला नेला, मग उजव्या. मान अशी वळवायचे, तशी वळवायचे. फोटो वर धरायचे आणि स्वतः खाली बघायचे. पोरीचा चेहरा कुठल्या तरी कोपऱ्यातनं सापडतोय का बघत होते. लय वेळ. मग त्यांनी फोटो मांडीवर ठेवला, चेहरा असेल त्या जागेवर अंगठा फिरवला, आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

तिथं कोण होतं ज्याच्यासाठी सोंग करावं?

कुणी नव्हतं. मला त्या क्षणी कळलं. काय झालंय ते कळलं नाही, त्याचं नाव कळलं नाही — पण खोटं नाही, हे कळलं. लख्ख कळलं. मी पावलांचा आवाज न करता परत गोठ्यात गेले, म्हशीखालचं शेण काढलं. आणि चार-पाच दिवसांनी सांगलीच्या गाडीत बसले.

म्हणजे संशयानं गेले नाही. संशय फिटल्यावर गेले. ती पोरगी पांढऱ्या गणवेशात उभी होती, म्हणून गेले.

हे एवढंच होतं पोटात. पण ते तिथं संपलं नाही.

महिन्याभरात नोटीस आली. तक्रार आहे, पुरावा आहे, फेरतपासणी होईपर्यंत लाभ थांबवले आहेत. आण्णांचे पैसे थांबले, ऋतुजाची मदत थांबली. बिरूभाऊ त्याच दिवशी साताऱ्याहून धावत आले. नोटीस घेऊन ऑफिसात जाऊन आले, आणि येताना बातमी आणली की कुणीतरी मळ्यातला व्हिडिओ दिलाय, रेडकू धरतानाचा.

घरातली हवाच बदलली. अक्का दारं लावून बोलायला लागली. चुलत सासऱ्यांच्या पोरांनी काही विचारलं तर आण्णा गप्प व्हायचे. वाटेवर कुणी थांबलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची, म्हणायचे, "कोन हाय तिथं? मोबाईल धरलाय का?" तो माणूस बिचारा नुसता तंबाखू मळत असायचा. आतापर्यंत मी एकटी सगळ्यांकडं संशयानं बघत होते, आता अख्खं घर बघायला लागलं. आणि कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मी घरातली होते ना!

एका संध्याकाळी चुलीपुढं अक्का मला म्हणाली, "सुमन, कुनी केलं असंल गं? आमी कुनाचं काय वाकडं केलं?"

मी पीठ मळत होते. हात थांबला नाही. मी म्हणाले, "बिरूभाऊ मागच्या महिन्यात दोनदा सांगलीला गेलं हुतं म्हनं."

ते खरं होतं. स्वतःच्या फंडाच्या कामासाठी ते गेले होते, मला ठाऊक होतं. अक्का माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी आणखी एक वाक्य टाकलं, "आन् आन्नांचं व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलात असत्यात की."

तेही खरं होतं. ऋतुजाला पाठवायला म्हणून बिरूभाऊ आण्णांचे व्हिडिओ काढायचे — आण्णा बांधावर, आण्णा म्हशीपाशी. ती दोन्ही वाक्यं खरी होती. दोन खऱ्या वाक्यांत मी एक माणूस पुरला.

बाकीचं काम गावानं केलं. वाडीवरचा माणूस, मेंढक्याचा — आमच्या भावकीला पटायला कितीसा वेळ लागणार? कुणी म्हणालं, आण्णाचं पेन्शन त्याच्या डोळ्यात खुपलं. कुणी म्हणालं, साताऱ्यापासनंच मनात अढी असणार. ज्यानं भडक्यातनं ओढून काढलं त्याच्या मनात अढी! आणि मी ते ऐकत, मान डोलावत बसायचे.

बिरूभाऊ आले तेव्हा आण्णा सोप्यात होते. आण्णांना ज्याला बघायचं असायचं त्याच्याकडं ते मान कलती करायचे, हे एव्हाना घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी मान कलती केली नाही. नजर नाकासमोर धरून ते बिरूभाऊंकडं सरळ बघत राहिले.

"आन्ना, मी बिरा."

"ठावं हाय."

"आवं, तुमाला खरंच वाटतंय का मी..."

"जा तू," आण्णा म्हणाले. "पुन्यांदा ह्या दारात येऊ नगंस."

बिरूभाऊ वळले. मग चपला हातात घेऊनच निघून गेले, पायात घालायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी माजघराच्या उंबऱ्यावर होते. दहा पावलांवर. एक शब्द पुरला असता.

अक्का विट्यात यंत्रमागावर कामाला जायला लागली. या वयात, दिवसभर उभं राहून, त्या खडखडाटात. ऋतुजा कॉलेज सोडून घरी आली आणि विट्यातच एका औषधाच्या दुकानात बसायला लागली. मला वाटलं होतं, हे बघून माझ्या सोनालीच्या जीवाला थंडावा मिळेल. सोनाली माहेरी आली, ऋतुजाच्या गळ्यात पडून रडली आणि रात्री माझ्याजवळ निजल्यावर म्हणाली, "आई, आता तिचं पन माझ्यासारखंच हुनार का गं?"

मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेणारी त्या घरात एकच होती, कळलं ना?

फेरतपासणीला आण्णांना सांगलीला न्यायला कुणी नव्हतं. बिरूभाऊ नव्हते, अक्काला आणि ऋतुजाला रजा नव्हती. मी गेले. ज्या गाडीनं तेव्हा पदर घेऊन गेले होते तिच्यातच, आण्णांचा हात धरून. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी लय वेळ तपासलं, कुठल्या कुठल्या यंत्रापुढं बसवलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "तुमची मूठ डोळ्यांपुढं धरा. हं. आता माझ्याकडं बघा. माझा चेहरा दिसतो?"

मूठच दिसत होती.

"कडेची खिडकी दिसते? टेबल दिसतं?"

दिसत होतं.

"यांचं असंच आहे. डोळ्याचा पडदा मधोमध भाजलाय, कडा शाबूत आहेत. जिथं बघतील तिथंच अंधार. जनावर पळताना दिसेल, फांदी दिसेल. माणसाचा चेहरा, अक्षर, ताटातला खडा — हे आता आयुष्यात दिसायचं नाही. मूठ खाली घेता येते तुम्हाला. यांना येत नाही."

खरं सांगू? परतीच्या गाडीत माझ्या मनात पहिला विचार आला तो हा — या डॉक्टरीण बाईला कुणी सांगून तर ठेवलं नसेल? एवढं होऊन, स्वतःच्या डोळ्यांनी फोटोचं ते बघून! असं असतं ते. आण्णा खिडकीशी बसले होते. तासगावच्या पुढं त्यांनी मान कलती केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सुमन, तुला माज्यापायी लय तरास."

ते अजून माझ्याकडं तसंच बघतात. मान कलती करून, विश्वासानं. सरळ बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलंय.

पुढं सगळे लाभ परत सुरू झाले, थांबलेलेही मिळाले. ऋतुजा परत कॉलेजला गेली, पण तिच्या बरोबरीच्या पोरी पुढं निघून गेल्या होत्या. तिला खालच्या वर्गातल्या पोरींत बसावं लागलं. अक्कानं यंत्रमाग सोडला, कानातला खडखडाट मात्र तिला अजून सोडत नाही; दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू जात नाही.

त्या दिवसांतच विट्याच्या बाजारात मला बिरूभाऊ भेटले. मला टाळून पुढं जाता येईना, इतक्या समोर आले. दाढी वाढलेली. कारखाना सोडून ते पुन्हा मेंढरांमागं जायला लागले होते. म्हणाले, "वैनी, बिरोबाची आन घिऊन सांगतो, ते मी केलं न्हाई. आन्ना माजं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील. तुमी तेवढं त्यांच्या कानावर घाला."

आता बघा, देवानं याहून सरळ दार कधी उघडलं असतं माझ्यासाठी? नुसतं "मी केलं" म्हणायचं होतं. तेही नको — नुसतं "बिरूभाऊंनी केलं नाही" एवढं आण्णांना म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सांगते भाऊ," मी म्हणाले.

"लय उपकार हुतील वैनी." त्यांनी हात जोडले. मला. भर बाजारात.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आण्णा विचारतील, तुला कसं ठाऊक? मग काय सांगू? असं म्हणत म्हणत महिने गेले, मग वर्षं.

गेल्या महिन्यात ऋतुजाला सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आण्णांनी पेढे मागवले. म्हणाले, गावात एक घर सोडू नका. अक्काचे गुडघे चालत नाहीत, म्हणून ताट माझ्या हातात दिलं. निघताना अक्कानं आण्णांना हळूच विचारलं, "आन् वाडीवर? बिरूभाऊंकडं?"

आण्णांनी मान वाडीच्या बाजूला कलती केली. मला वाटलं, हो म्हणतील. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"नगं," ते म्हणाले.

मी सगळी घरं फिरले. वाडीवर गेले. बिरूभाऊंच्या शेजारच्या घरात पेढे दिले, तिथल्या म्हातारीनं पोरीची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. बाहेर आले तर बिरूभाऊ त्यांच्या अंगणात लोकर उन्हात पसरत बसले होते. माझ्या हातातलं ताट त्यांना दिसलं. त्यांनी हात झटकले, टोपी नीट केली आणि उठून उभे राहिले. घरात कुणालातरी हाक मारली, "अगं, पानी आन, वैनी आल्यात. ऋतुजा पास झाली जनू!"

मी मान खाली घातली आणि पुढच्या घरी गेले.